डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं : आय क्रीम, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी... नक्की काय, किती आणि कोणत्या क्रमाने?

निशिगंध

बाकी चेहऱ्याची तक्रार नाही, प्रश्न फक्त डोळ्यांभोवतीचा आहे. वय ३४, त्वचा गव्हाळ आणि कोरडीकडे झुकणारी. सध्याचा क्रम असा आहे :

सकाळी : सौम्य फेसवॉश, १५ टक्के व्हिटॅमिन सी सीरम (एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड), डोळ्यांखाली ५ टक्के कॅफीनचं जेल, वर एसपीएफ ५० जेल सनस्क्रीन.
रात्री : मेकअप रिमूव्हर, फेसवॉश, ०.५ टक्के रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चं एक रूप) पूर्ण चेहऱ्याला (डोळ्यांखाली पापणीच्या केसांपर्यंत), त्यावर घट्ट बामसारखं आय क्रीम.

दोन महिने हे न चुकता चालू आहे. अडचणी चार :
१. वर्तुळं कमी झालेली नाहीत, उलट वाढल्यासारखी वाटतात.
२. सनस्क्रीन लावल्यावर तासाभराने डोळे चुरचुरतात.
३. बाहेरच्या कोपऱ्यात त्वचा कोरडी, सुरकुतलेली, मधूनमधून खाज.
४. खालच्या पापणीवर तीन-चार पांढरे कडक दाणे आलेत, दाबून निघत नाहीत.

यातलं काय बंद करू आणि काय ठेवू? आणि आय क्रीम खरंच लागतं का?

अभ्रक

क्रीमकडे नंतर येऊ. आधी तुमची वर्तुळं कोणत्या प्रकारची आहेत ते बघा, कारण 'काळी वर्तुळं' या एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

खिडकीसमोर दिवसाच्या उजेडात, मेकअप नसताना, हातातला आरसा डोळ्यांच्या उंचीवर धरून बसा. बाथरूममधला वरून पडणारा दिवा चालणार नाही, त्याने सगळ्यांच्याच डोळ्यांखाली सावली पडते.

पहिली पायरी : खालच्या पापणीची त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणा. रंग तपकिरी असेल आणि त्वचेबरोबर तसाच सरकत असेल, तर ते मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलंच रंगद्रव्य. ताणल्यावर निळसर-जांभळा रंग आणखी गडद दिसला, तर खालच्या रक्तवाहिन्या आणि स्नायू दिसताहेत. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच आणि लगेच डोळा मिटणारा स्नायू लागतो. त्यामुळे खालचं सगळं वर दिसतं.

दुसरी पायरी : चेहरा उजेडाकडे वर करा. काळेपणा बराचसा नाहीसा झाला तर ती सावली आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे उतरणारी जी खाच असते, तिची. वयाने गालाचा भाग खाली सरकतो तशी ती खोल होते.

तिसरी पायरी : हनुवटी सरळ ठेवून फक्त नजर वर न्या. फुगवटे जास्त उठून दिसले तर ती डोळ्याच्या खोबणीतली चरबी पुढे आलेली आहे. सकाळी फुगलेलं आणि दुपारपर्यंत ओसरणारं असेल तर ते साचलेलं पाणी.

आता कशाला काय चालतं ते. मेलॅनिन असेल तर सनस्क्रीन, नायसिनमाइड (व्हिटॅमिन बी३ चं एक रूप), व्हिटॅमिन सी, पुढे रेटिनॉल. आणि किमान १२ आठवडे धीर. रक्तवाहिन्या असतील तर कॅफीन काही तासांपुरतं बरं दिसतं, संध्याकाळी पुन्हा तेच. रेटिनॉलने त्वचा किंचित दाट झाली तर थोडा फरक पडतो. नाक चोंदणं आणि ॲलर्जीमुळेही हा निळसरपणा वाढतो, तिथे आधी ॲलर्जीचा इलाज. सावली किंवा चरबी असेल तर कोणतंही क्रीम ती घालवत नाही, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. पाणी साचत असेल तर डोक्याखाली एक जास्तीची उशी, रात्रीच्या जेवणात मीठ कमी आणि सकाळी ५ ते १० मिनिटं थंड ओल्या कापडाची घडी. बर्फ थेट लावू नका, इतक्या पातळ त्वचेला थंडीनेही भाजतं.

बहुतेकांच्यात दोन-तीन प्रकार एकत्र असतात. तुमच्या चाचणीत काय दिसतं ते इथे लिहा. वरच्या पापणीचाही रंग बघा, ती हमखास बघायची राहते.

साधीसुधी

अभ्रक यांच्याशी सहमत. पण चाचणीचं उत्तर काहीही येवो, सध्याचा क्रम आजच थांबवा. कोपऱ्यातली खाज आणि सुरकुतलेली कोरडी त्वचा म्हणजे तिथली संरक्षक भिंत तुटली आहे. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत जिथे जळजळ राहते तिथे मागाहून काळेपणा येतो. म्हणजे वर्तुळं घालवण्यासाठी लावलेल्या गोष्टीच वर्तुळं वाढवत असण्याची शक्यता मोठी आहे.

काय बिघडतंय ते एकेक :

१५ टक्के एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड. ते त्वचेत शिरावं म्हणून त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.५ च्या खाली ठेवावा लागतो. त्वचेचा स्वतःचा साधारण ५ च्या आसपास. गालाला हे सोसतं, पापणीला नाही. शिवाय सीरम नारिंगी-तपकिरी झालं असेल तर टाकून द्या. ते निकामी तर असतंच, वर त्वचेवर पिवळट डाग ठेवतं आणि डोळ्यांखाली तो वर्तुळासारखाच दिसतो.

०.५ टक्के रेटिनॉल, तेही पापणीच्या केसांपर्यंत. प्रमाण जास्त आणि जागा चुकीची. क्रीम लावलं तिथेच राहत नाही, अंगाच्या उष्णतेने पातळ होऊन वर सरकतं. पापणीच्या कडेला तेलग्रंथींची तोंडं असतात आणि त्यांचं तेल अश्रू सुकू देत नाही. रेटिनॉलच्याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात हे डॉक्टर आधीच बजावून सांगतात. त्या कडेपासून हे दूरच हवं.

आता दोन आठवडे डोळ्यांभोवती फक्त हे : कोमट पाणी, सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर सकाळ-संध्याकाळ आणि दिवसा सनस्क्रीन. मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन आणि सिरॅमाइड (त्वचेत मुळातच असणारे स्निग्ध घटक) असलं तर उत्तम. बाकी चेहऱ्याचं चालू राहू दे, पण डोळ्यांच्या खोबणीची हाडाची कड ही सीमारेषा समजा.

प्रमाण : दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढं. अनामिकेने लावा, तिचा जोर सगळ्यात कमी पडतो. हाडाच्या कडेवर चार-पाच ठिपके द्यायचे आणि थोपटून पसरवायचे. पापणीच्या केसांपासून अर्धा ते एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, उरलेलं अंतर क्रीम आपणच कापतं. चोळायचं नाही, ओढायचं तर अजिबात नाही.

खाज पूर्ण थांबली, त्वचा मऊ झाली की मगच पुढे :

तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी ४ ते ५ टक्के नायसिनमाइड. चार आठवडे एवढंच.

मग व्हिटॅमिन सी हवंच असेल तर एल-ॲस्कॉर्बिक ऐवजी मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट किंवा टेट्राहेक्झिलडेसिल ॲस्कॉर्बेट असलेलं. यांना इतका कमी पीएच लागत नाही, त्यामुळे आग होत नाही.

रेटिनॉल सगळ्यात शेवटी. ०.१ टक्का, आठवड्यात दोन रात्री, मध्ये किमान दोन रात्रींचं अंतर. आधी मॉइश्चरायझर, दहा मिनिटांनी रेटिनॉल, पुन्हा मॉइश्चरायझर. फक्त हाडाच्या कडेवर आणि बाहेर, वरच्या पापणीवर कधीच नाही. महिनाभर काही त्रास नसेल तर एक दिवसाआड. गरोदर असाल, तसा विचार असेल किंवा स्तनपान चालू असेल तर रेटिनॉल वगळाच.

एका वेळी एकच नवी गोष्ट. चार एकदम सुरू केल्या की बिघडलं कशाने ते कधीच कळत नाही.

आय क्रीम लागतं का? वेगळी डबी लागतेच असं नाही. चेहऱ्याचं मॉइश्चरायझर सुगंधरहित असेल आणि डोळे चुरचुरत नसतील तर तेच पुरतं. आय क्रीमचा खरा उपयोग एवढाच, की त्यात सक्रिय घटकांचं प्रमाण सहसा कमी ठेवलेलं असतं.

उन्हाची_तिरीप

सनस्क्रीनबद्दल. तासाभराने चुरचुरतं म्हणजे ते घामाबरोबर आणि डोळे मिचकावताना आत उतरतंय. जेल सनस्क्रीनमध्ये रासायनिक फिल्टर असतात, बऱ्याचदा अल्कोहोलही. दोन्ही डोळ्यात झोंबतात. तेवढ्या भागापुरतं झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घ्या. स्टिक मिळाली तर सगळ्यात चांगलं, मेणामुळे ते जागेवर राहतं. स्टिक थेट पापणीवर ओढू नका, बोटावर घेऊन थोपटा. एक फेरी पुरत नाही, तीन-चार थर द्या.

तुमचा रंग गव्हाळ आहे म्हणून टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, घ्या असं आवर्जून सांगते. त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे दृश्य प्रकाशही अडतो आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेत काळेपणा वाढवण्यात त्या प्रकाशाचाही वाटा असतो. बिनरंगी सनस्क्रीन तो नीट अडवत नाही.

बाकी चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आणि यूव्ही ४०० लिहिलेला, कडेने उजेड न शिरणारा गॉगल वापरा. पापणीच्या कडेपर्यंत सनस्क्रीन नेणं शक्य नसतं, ती जागा गॉगलच झाकतो.

तळटीप

दाण्यांचं सांगतो. पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढा, कडक, दाबून न निघणारा दाणा म्हणजे बहुधा मिलिया. आत केराटिनची (त्वचा आणि नखं ज्याची बनतात त्या प्रथिनाची) घट्ट गोळी असते आणि वर त्वचेचा पूर्ण पडदा. मुरमासारखं तोंड नसतं, म्हणून दाबून निघत नाही. दाबण्याने होतं एवढंच, की पातळ त्वचेखाली रक्त साकळतं किंवा कायमचा व्रण राहतो. सुईने घरी कोरणं तर डोळ्याच्या इतक्या जवळ अजिबात नको.

तुमचं बामसारखं आय क्रीम आधी बंद करा. फार जड, बंद करून टाकणाऱ्या क्रीमखाली मिलिया वाढलेले दिसतात. काही आठवडे ते काही महिन्यांत बरेचसे आपोआप जातात. नाही गेले तर त्वचारोगतज्ज्ञ निर्जंतुक सुईने वरचा पडदा उघडून गोळी काढतात. काम काही मिनिटांचं असतं.

पण दाणे पांढरे नसून त्वचेच्याच रंगाचे असतील, दोन्ही डोळ्यांखाली सारखेच पसरलेले असतील आणि वर्षानुवर्षं तसेच असतील, तर ते सिरिंगोमा. घामाच्या नळीपासून होतात, निरुपद्रवी असतात, पण कोणत्याही क्रीमने जात नाहीत. आणि आतल्या कोपऱ्याजवळ पिवळसर, चपटा, मऊ चट्टा असेल तर झँथेलाझ्मा; अशांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांच्या रक्तात चरबी वाढलेली सापडते, त्यामुळे तिथे क्रीम शोधण्याआधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्यावं.

निशिगंध

खूप आभार सगळ्यांचे. चाचणी केली. खालची वर्तुळं तपकिरी, त्वचेबरोबर सरकतात. चेहरा वर केला की थोडीशी कमी दिसतात, फार नाही. फुगवटा नाही. दाणे पांढरेच आहेत.

वरच्या पापणीचं मात्र आत्ता लक्षात आलं. केसांच्या ओळीलगत तांबूस-तपकिरी पट्टा आहे आणि भुवईखालचा भाग आधीपेक्षा खोल गेल्यासारखा वाटतो. तिथे मी यातलं काहीच लावत नाही. फक्त पापणीचे केस लांब होण्यासाठीचं एक सीरम रोज रात्री कडेला लावते, पाच महिने झाले. त्याचा काही संबंध असेल का?

आणखी एक : कोपऱ्यातल्या खाजेसाठी घरात मोमेटासोनचं मलम आहे, दोन दिवस लावलं तर चालेल का?

अभ्रक

संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. सीरमच्या घटकांची यादी काढा आणि नावात 'प्रॉस्ट' (prost) हा तुकडा कुठे येतो का बघा : बिमाटोप्रॉस्ट, आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट, किंवा 'क्लोप्रोस्टेनॉलअमाइड'ने संपणारं लांबलचक नाव. ही सगळी प्रोस्टाग्लँडिनसारखी (शरीरात तयार होणाऱ्या, संप्रेरकासारखं काम करणाऱ्या द्रव्यासारखी) द्रव्यं. बिमाटोप्रॉस्ट मुळात काचबिंदूचे थेंब म्हणून आलं. रुग्णांच्या पापण्यांचे केस लांब आणि दाट होताना दिसले आणि २००८ मध्ये अमेरिकेत त्याच कामासाठी ०.०३ टक्के द्रावणाला मान्यता मिळाली.

त्याचे ठाऊक असलेले दुष्परिणाम तुमच्या वर्णनाशी जुळतात : पापणीच्या त्वचेत मेलॅनिन वाढतं, कडा लाल होतात, खाज येते, डोळे कोरडे पडतात आणि डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन वरची पापणी खोल जाते. द्रव ओघळून खालच्या पापणीला लागतं, म्हणून खालीही काळेपणा येतो.

यादीत तसं काही सापडलं तर बंद करा. त्वचेचा रंग सहसा काही महिन्यांत उतरतो. खोलगटपणाही बऱ्याच जणांत हळूहळू भरतो. पापण्यांचे केस पूर्वीच्या लांबीवर येतील, त्याला इलाज नाही. बुबुळाच्या रंगाकडे मात्र नीट बघा; तिथे तपकिरी छटा वाढली असेल तर ती बहुधा कायमची असते. हे द्रव्य डोळ्यातला दाबही कमी करतं, त्यामुळे नेत्रतज्ज्ञाकडे तपासणीला जाल तेव्हा पाच महिने वापरल्याचं सांगा, नाहीतर दाबाचा आकडा फसवा येऊ शकतो.

पारिजातक

मोमेटासोन लावू नका. ते स्टेरॉइड आहे. पापणीतून ते बाकी त्वचेच्या मानाने खूप जास्त शोषलं जातं. त्वचा आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि वापर लांबला तर डोळ्यातला दाब वाढणं, मोतीबिंदू इथपर्यंत जाऊ शकतं. दोन दिवसांत खाज थांबते म्हणूनच ते धोक्याचं, कारण खाज परतली की माणूस पुन्हा तेच लावतो. पापणीला स्टेरॉइड लागलंच तर कोणतं, किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. 'गोरेपणाच्या' किंवा डागांच्या क्रीममध्येही हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉइड असू शकतं, तेही डोळ्यांपासून लांब ठेवा.

खाजेचं कारण पापणीवर लावलेल्या वस्तूतच असेल असं नाही. पापणीला ॲलर्जी बऱ्याचदा हातावरून येते. नेलपॉलिश, जेल नखांमधली ॲक्रिलेट रसायनं, केसांच्या रंगातलं पीपीडी हे रसायन, शाम्पूतला सुगंध. बोटांना आणि टाळूला काहीच होत नाही, पण नकळत डोळ्याला हात लागतो आणि पातळ त्वचा सुजते. पापण्या वळवायच्या चिमट्यातलं निकेलही कारण असू शकतं. दोन आठवड्यांच्या विश्रांतीत नखंही कोरी ठेवून बघा.

पुढे कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावा. एका दिवसाची चाचणी पुरत नाही, ॲलर्जी उठायला वेळ लागतो. तिथे काही झालं नाही तर मग डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ तीन दिवस, आणि मग सगळीकडे.

मेकअप काढण्याबद्दल कोणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून. रिमूव्हरने भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर १५ ते २० सेकंद नुसता धरून ठेवा. मस्करा विरघळला की वरून खाली एकदाच पुसा. केसांच्या मुळाशी उरलेलं ओल्या कापसाच्या काडीने काढा. वॉटरप्रूफ असेल तर तेलाचा आणि पाण्याचा थर असलेला, हलवून वापरायचा रिमूव्हर घ्या. पाण्यासारख्या रिमूव्हरने ते निघत नाही आणि मग घासलं जातं. रोजच्या घासण्यानेही काळेपणा येतो. रिमूव्हरचा तेलकटपणा धुऊन टाका, नाहीतर रात्रभर नजर धूसर राहते. मस्करा तीन महिन्यांनी बदला, संपला नसला तरी.

एका डोळ्यालाच सूज, लाली, दुखणं, ताप, नजर अंधुक होणं किंवा डोळा हलवताना दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन्ही डोळे रोज सकाळी सुजत असतील आणि पायालाही सूज किंवा लघवीला फेस असेल तर मूत्रपिंडाची तपासणी हवी.

निशिगंध

यादीत आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट सापडलं. आजपासून बंद. बुबुळाचा रंग जुन्या फोटोंशी ताडून पाहिला, फरक दिसत नाही. नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. मलमही लावत नाही.

शेवटचा प्रश्न : या मधल्या काळात टिंटेड सनस्क्रीनवर कन्सीलर लावला तर चालेल का? ऑफिसला जाताना उघडं ठेवणं जमत नाही.

साधीसुधी

खाज थांबेपर्यंत, म्हणजे निदान पहिला आठवडा, फक्त टिंटेड सनस्क्रीन. त्यानेही बराच रंग झाकतो. त्यानंतर चालेल, पण सनस्क्रीन बसायला १५ मिनिटं द्या, नाहीतर दोन्ही एकत्र गोळे होऊन सुटतात.

तपकिरी रंगावर थेट त्वचेच्या रंगाचा कन्सीलर लावला की राखाडी दिसतो. आधी पीच किंवा फिकट नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ थर, फक्त जिथे काळं आहे तिथेच; त्यावर कन्सीलर, तोही आतल्या कोपऱ्यात आणि खाचेत, डोळ्याखालचा पूर्ण त्रिकोण भरून नाही. ओल्या स्पंजने दाबत बसवा. पावडर लावायचीच तर नखभर, कोरड्या कोपऱ्यात अजिबात नाही; तिथल्या रेषा तासाभरात फुटून दिसतात. संध्याकाळी घरी आल्याबरोबर काढून टाका, झोपायच्या वेळेपर्यंत थांबू नका.